उलटे महिने

अडाजण, सुरत
१७ जानेवारी २०२६

चि. सौ. उज्ज्वला हिस,
अ. उ. आ.

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण इकडे भिंतीपलीकडे तुझी लेक असते आणि तिकडे चंद्रकांतराव फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या गल्लीला ऐकवतात. शिवाय शनिवारी पत्र लिहायची सवय कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अग्नेसनी लावली, ती अजून सुटलेली नाही.

विषय शर्वरीचा आहे. ती माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. तू म्हणशील, जन्मभर विम्याचे दावे तपासून ताईला आता भाजीवालासुद्धा खोटारडा दिसतो. तो आहेच, पण तो मुद्दा वेगळा.

उत्तरायणाचंच सांगते. ही मुलगी अकरावीला माझ्याकडे आली तेव्हापासून दर उत्तरायणाला सकाळी सहाला गच्चीवर पोचते आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या सोसायटीशी भांडते. यंदा मांजा विकत आणलासुद्धा नाही. संक्रांतीचे दोन्ही दिवस खोलीत, खिडकी बंद, पडदे ओढलेले. गच्चीवरच्या भोंग्यांचा आवाज येऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. मी विचारलं तर म्हणाली, पतंग उडवणं पोरकट आहे. हे कोण म्हणतंय, तर जी गेल्या वर्षी शेजारच्या किरणबेनच्या नवऱ्याशी कापलेल्या पतंगावरून महिनाभर बोलत नव्हती.

घरात काळा चष्मा घालून वावरते. टीव्ही लावला की उठून जाते. परवा सकाळी ज्वारीच्या हुरड्याचा पोंक घेऊन आली, आणि संध्याकाळी पुन्हा पोंक घेऊन आली. मी म्हटलं, अगं, सकाळचा अजून झाकून ठेवलाय. क्षणभर गोंधळली आणि मग माझ्यावरच डाफरली की जास्त आणला तर बिघडलं काय. विसरली असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्यांदा बाहेर पडायला निमित्त हवं होतं, एवढंच.

काही लागलं-दुखलं असेल असं म्हणू नकोस. दुखणं लपवणारी ती नव्हे. जाकार्ताच्या रग्बी सामन्यातून भुवईला टाके घालून आली तेव्हा चपला काढायच्या आधी मला दाखवले. काठमांडूला गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याचा एक्स-रे अजून फ्रिजच्या दारावर आहे. जी मुलगी जखमा मेडलसारख्या मिरवते ती जेव्हा लपवते, तेव्हा ते दुखणं नसतं. दुसरं काहीतरी असतं.

आणि हे सगळं नेमकं आत्ता. फेब्रुवारीअखेर कोलकात्याला शिबिर आहे, मार्चमध्ये परदेश दौरा, आणि यंदा भारताच्या संघाची कप्तान तीच होणार असं तिच्या प्रशिक्षकांनी जवळजवळ सांगून टाकलं आहे. इतकी वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते आता दारात उभं आहे, आणि ही पडदे ओढून बसली आहे.

तुला काही कळलं आहे का? असेल तर मला कळव. माझ्यापासून तूही लपवत असशील तर तेही लपणार नाही, हे ठाऊक आहेच.

चंद्रकांतरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं का? माझी माया आहे, पण पत्र आल्याशिवाय ती वाढणार नाही.

तुझी,
ताई

अमळनेर
२३ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा ह्यांनी आधी ते उजेडात धरून पाहिलं. मी हिसकावून घेतलं आणि देवघरात बसून वाचलं. बाहेर येऊन सांगितलं की ताईच्या गुडघ्याबद्दल आहे. तेव्हा आता तुझा गुडघा दुखतो आहे, लक्षात ठेव.

ताई, तू कॉन्व्हेंटात शिकलीस म्हणून तुला चाळीस शंका येतात. मी आपल्या सुरतेच्या मराठी शाळेत शिकले, मला एकच येते. मुलगा असणार. काळा चष्मा रडून सुजलेल्या डोळ्यांवर घालतात. दार बंद करतात ते फोनवर बोलायला. दिवसातून दोनदा पोंक आणायला कोणी जात नाही, भेटायला जातात.

नाशिकच्या अमितचं स्थळ मी तुला मागे कळवलं होतं. बँकेत आहे, आई जरा चौकस आहे. फोटो पाहून तिने विचारलं की मुलीचं नाक मुळातच असं आहे की खेळात झालं. पण हा दौरा झाला की पुढचं बोलू, इतपत आलं आहे. शर्वरीला सांगितलं तर ती हो म्हणाली. नुसतं हो. वाद नाही, टोमणा नाही. तेव्हाच मला संशय आला होता.

आणि एक मनातलं सांगते, रागावू नकोस. मुलगी माझी, पण तिची बातमी मला नेहमी तुझ्याकडून कळते. मी फोन केला की ती पाच मिनिटांत डोकं दुखतंय म्हणून ठेवून देते. तुझ्याशीही तशीच वागते हे वाचून मला, खरं सांगायचं तर, थोडं बरं वाटलं.

ह्यांनी इकडे सगळ्यांना सांगून टाकलं आहे. मंडळाची पोरं सत्काराचा बोर्ड कुठे लावायचा ते पाहून गेली. तेव्हा जे काय असेल ते हळूच शोध. तिला कळू देऊ नकोस, आणि तुझ्या त्या चौकशीच्या आवाजात विचारू नकोस. त्या आवाजाला मी अजून भिते.

ऑपरेशन सोमवारी झालं, नीट झालं. लोभ आहे तो पुरवून वापर, मला अजून बरीच वर्षं लागणार आहे.

तुझी,
उज्ज्वला

अडाजण, सुरत
३१ जानेवारी २०२६

चि. सौ. उज्ज्वला हिस,
अ. उ. आ.

तुझा मुलगा मी खोडून काढला आहे. वॉचमनला विचारलं, किरणबेनला विचारलं, ती शिकवते त्या शाळेतल्या क्लार्कबाईंनाही घारीचा डबा नेऊन विचारलं. मुलगा कुठेही नाही. असता तर मला सोपं गेलं असतं.

जे सापडलं ते ऐक. सकाळी मी देवाला फुलं आणायला उतरते तेव्हा घर रिकामं असतं असं तिला वाटतं. मंगळवारी पर्स विसरले म्हणून परत आले. बाल्कनीतून तिचा आवाज येत होता. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, असं करत जानेवारीपर्यंत. मग पुन्हा डिसेंबरपासून. मध्ये अडखळली की स्वतःलाच शिवी देऊन पहिल्यापासून. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. कपड्यांच्या मशीनपाशी एका पायावर उभी, डोळे मिटलेले, दोन्ही हात कमरेवर. डुलत होती. पाय टेकला की पुन्हा वर.

मला पहिल्यांदा कोणी स्वामी आठवला. हल्ली खेळाडूंना असे लोक धरतात, सामन्याआधी काय खा, कुठल्या पायावर उभं राहा. उलटं कॅलेंडर म्हणजे तर उघड उघड कसलीतरी साधना. सिस्टर अग्नेस असत्या तर पवित्र पाणी शिंपडून मोकळ्या झाल्या असत्या. मी नुसती माझी पर्स घेतली आणि दार मुद्दाम आपटून बाहेर पडले. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा तेच.

काल दुपारी शर्वरी शाळेत असताना धनश्री आली. तुला आठवत असेल, पांडेसऱ्याच्या दगाभाऊंची मुलगी, आईवडील दोघे लूमवर कामाला, यांच्याच संघात आहे. शर्वरी गर्दीतून चेंडू काढून बाहेर देते ना, त्याच जागेवर ही राखीव असते. म्हणजे शर्वरी बाहेर बसली तर आत कोण, ते तू समज.

चहा घेतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसली. आईचा फोन आला तर अहिराणीत कायसं कुजबुजून ठेवून दिला. मग म्हणाली की नाताळच्या सुट्टीत इच्छापोरच्या मैदानावर सराव सामना झाला, त्यात तिचं आणि शर्वरीचं डोकं एकमेकींवर आपटलं. धनश्रीला टेंगूळ आलं. शर्वरी गवतावर पडून राहिली, उठल्यावर पुन्हा पुन्हा विचारत होती की आपण कुणाशी खेळतोय. प्रशिक्षक त्या दिवशी आलेले नव्हते. घरी जाताना रिक्षात शर्वरीने तिला आईची शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. डोक्याला मार लागला असं लिहिलं गेलं तर शिबिर गेलं, आणि शिबिर गेलं तर कप्तानपद गेलं.

हे सांगून ती रडली. मी रुमाल दिला, पण विश्वास दिला नाही. दाव्यात पहिला प्रश्न हाच असतो, की फायदा कुणाचा. तिचा. इतकी वर्षं बाकावर बसलेली मुलगी शिबिराच्या तोंडावर माझ्या घरी येते, शर्वरी घरी नाही ही वेळ साधून येते, आणि शपथ मोडते. मी तिला तोंडावर विचारलं की हे तू तुझ्या प्रशिक्षकांना का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, मी सांगितलं तर सगळे हेच म्हणतील जे तुम्ही आत्ता मनात म्हणताय. पोरगी हुशार आहे. त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही, वाढला.

पण उज्ज्वला, ती गेल्यावर मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र मनात पुन्हा वाचलं. दोनदा आणलेला पोंक मला सारखा आठवत होता.

शर्वरीला अजून काही बोललेले नाही. तुझं काय म्हणणं ते लगेच कळव. माझा गुडघा आता खरंच दुखतो आहे, ही तुझी कृपा. तरीही तुझ्यावर लोभ करणारी,
ताई

अमळनेर
५ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि देवघरात लपवलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी शर्वरीचा फोन आला होता. बाबांच्या डोळ्याचं विचारलं, मी सगळं सांगितलं. दोन वाक्यं दुसरं बोलली आणि पुन्हा विचारलं, बाबांचं ऑपरेशन कधी आहे गं. मी चिडले. म्हटलं, आईचं बोलणं ऐकायलाही तुला वेळ नाही, लक्ष कुठे आहे तुझं. ती सॉरी म्हणाली. मी तुला हे आधी कळवलं नाही, कारण मला वाटलं, लक्ष त्या मुलाकडे आहे.

पण ताई, धनश्रीवर मी एकदम विश्वास ठेवणार नाही आणि तूही ठेवू नकोस. आपल्या मुलीने काय काय सोसलं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. हाफ पॅन्ट घालून खेळते म्हणून इथे लोक काय बोलायचे ते मी ऐकलं. आता कुठे तेच लोक बोर्ड लावायला निघाले आहेत. एका मुलीच्या सांगण्यावरून हे तिच्या हातून जाऊ द्यायचं का?

शिबिराच्या आधी डॉक्टरांची तपासणी असते असं तूच एकदा म्हणाली होतीस. तर मग डॉक्टरांना ठरवू दे. त्यांनी पास केलं तर धनश्री खोटी, आणि आपण गप्प. नापास केलं तर देवाची मर्जी. तू फक्त मध्ये पडू नकोस. एवढं माझं ऐक. तुझ्याकडे मुलगी विश्वासाने ठेवली, तसाच हा शब्दही ठेवते आहे.

उत्तराची वाट पाहते. या वेळी बाकी काही लिहायला सुचत नाही, माया कायम समज.

तुझी,
उज्ज्वला

अडाजण, सुरत
१४ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. उज्ज्वला हिस,
अ. उ. आ.

मी मध्ये पडले. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील किंवा मुळीच वाचणार नाहीस.

तपासणी बुधवारी इच्छापोरच्या मैदानावरच होती, क्लबच्या खोलीत. शर्वरी सकाळी डबा ओट्यावर विसरून गेली. मी तो घेऊन रिक्षाने गेले. विसरली नसती तरी मी काहीतरी घेऊन गेलेच असते, ते तुझ्यापासून कशाला लपवू. पण तुझा शब्द पाळायचा असं ठरवूनच गेले होते. खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर डबा मांडीवर घेऊन बसले. डॉक्टर वडोदऱ्याहून आलेल्या एक तरुण बाई. मी बसले त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. शर्वरीने मात्र माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नाडी झाली, गुडघे झाले, डोळ्यांत बॅटरी झाली. गेल्या काही महिन्यांत डोक्याला काही लागलं का, असं विचारलं. नाही म्हणाली, डोळ्याला डोळा भिडवून. आणि मग डॉक्टरबाईंनी अगदी सहज सांगितलं की वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखव.

उज्ज्वला, बाल्कनीतलेच महिने! ती घडाघडा म्हणाली. डिसेंबर, नोव्हेंबर, कुठे अटक नाही. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, आता एका पायावर, डोळे मिटून, हात कमरेवर. उभी राहिली, दगडासारखी. कुठला स्वामी आणि कुठली साधना. डोकं ठिकाणावर आहे की नाही हे ज्या प्रश्नांनी तपासतात, ते प्रश्न हिला आठ वर्षांच्या तपासण्यांतून ठाऊक आहेत, आणि ही बाल्कनीत त्यांची उत्तरं पाठ करत होती. ज्याचं डोकं ठीक आहे तो माणूस महिने पाठ करायला बसत नाही.

बाईंनी सही करायला पेन उचललं. मला तुझा शब्द आठवत होता, हे मी शपथेवर सांगते. पण मी उठले.

म्हटलं, डॉक्टर, एक मिनिट, मला हिच्याशी एक खेळ खेळायचा आहे. शर्वरी माझ्याकडे अशी पाहत होती की तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. तुला तो आगगाडीतला खेळ ठाऊक आहे. अमळनेरला सुट्टीला जाताना एक स्टेशन मी म्हणायचं, पुढचं तिने. झोपेतसुद्धा म्हणायची. मी म्हटलं, सुरत. तिला नाही म्हणता येईना, डॉक्टर पाहत होत्या. उधना म्हणाली. मी चलथाण. ती बारडोली. मी मढी. ती व्यारा म्हणाली, पण जरा थांबून. मी सोनगड म्हटलं.

गप्प. मी वाट पाहिली. देवाशप्पथ सांगते, त्या वेळी मनात हेच होतं की म्हण गं बाई, नवापूर म्हण, धनश्रीला खोटी पाड आणि मलाही. ती बाईंकडे पाहीना, माझ्याकडे पाहायला लागली, लहानपणी मेळ्यात चुकली होती तशी. आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी आत्ता काय म्हणाले होते?"

बाई म्हणाल्या की स्टेशनं ही काही वैद्यकीय तपासणी नाही. पण पेन खाली ठेवलं, दार लावून घेतलं, आणि डोकं कधीपासून दुखतं असं विचारलं. तेव्हा ती सगळं बोलली. उजेड सहन होत नाही, वाचलं की अक्षरं हलतात, चेंडू येताना दोन दिसतात. चेंडू दोन दिसत असताना ती परदेशात जाऊन धिप्पाड मुलींच्या गर्दीत डोकं घालणार होती. बाई म्हणाल्या, मेंदू बरा व्हायच्या आत दुसरा मार बसला असता तर जन्माचं अपंगत्व येऊ शकलं असतं, जीवही जाऊ शकला असता. हे त्यांनी शर्वरीला सांगितलं, पण बघत माझ्याकडे होत्या.

शिबिर गेलं. कप्तानपद गेलं. तिच्या जागी धनश्री जाणार. ती मैदानावर दारापाशीच उभी होती. मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेले, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

रिक्षात शर्वरी एवढंच म्हणाली की हे घरी विचारायचं होतंस. मी म्हटलं, घरी तू खोटं बोलली असतीस. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. उद्याच्या गाडीने तिला तुझ्याकडे पाठवते आहे. किरणबेनचा मुलगा प्रशांत सोबत येईल. सामान तिने स्वतः भरलं, एक्स-रेसुद्धा फ्रिजवरून काढून घेतला.

मोबाइल दाखवू नकोस, टीव्ही लावू नकोस, सत्काराचा बोर्ड तिच्या डोळ्यांसमोरून हलव. तुझा शब्द मोडला, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा मोडीन.

माया ठेवायची की नाही ते या वेळी तूच ठरव.

तुझी,
ताई

अमळनेर
८ मार्च २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आधी रागाने लिहिलं नाही, मग वेळ मिळाला नाही. ती आली त्या संध्याकाळी मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं की आई, चहा घेतला का मी. कप हातात होता. त्यानंतर मी तुला काही बोलले नाही.

जळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. फोटोत काही नाही, पण विश्रांती. पुन्हा खेळेल का विचारलं तर म्हणाले, घाई करणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. वाचणं, लिहिणं, मोबाइल सगळं बंद. दुपारी अंधाऱ्या खोलीत पडते. तीन आठवड्यांत एवढा फरक आहे की काल तिने भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडण काढलं आणि संध्याकाळपर्यंत ते लक्षात ठेवलं. बोर्ड ह्यांनीच उतरवला. अमितच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. त्यांचा फोन पुन्हा आलेला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही, हे पाहून मीच चकित झाले.

संघ सोमवारी गेला. धनश्रीने जायच्या आधी फोन केला होता. शर्वरीने घेतला नाही. पण सामना असतो त्या दिवशी बाबांना मोबाइलवर निकाल पाहायला सांगते, आणि धनश्री आत होती का एवढंच विचारते.

आता पुढचं तिचं आहे. तिला लिहायची मनाई आहे म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिते आहे. जसं सांगितलं तसं.

तू मला सगळ्यांसमोर लहान मुलीसारखं उभं केलंस. तू बरोबर होतीस, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे, ते मी सांगणार नाही. तू माझ्यावर पाळत ठेवलीस, वॉचमनला विचारलंस, माझ्या शाळेत घारी घेऊन गेलीस. मला विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते हे खरं आहे, पण तू विचारायला हवं होतंस. मी सुरतेला कधी येईन ते माहीत नाही. येईन की नाही तेही माहीत नाही.

इथे ती थांबली. मी म्हटलं, शेवट काय लिहू, मावशीला नमस्कार लिहू ना. ती म्हणाली, नको. तेव्हा वरचे सा. न. वि. वि. हे फक्त माझे आहेत, तिचे धरू नकोस.

मग तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. डॉक्टरांनी नको सांगितलं आहे, म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, दोन ओळींनी कोणी मरत नाही. खाली हात आडवा धरून तिने काहीतरी लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही, असं ती समजते.

तुझी, तुझ्यावर रागावून झालेली,
उज्ज्वला

मावशी, मी अजून रागावलेली आहे. माझी खोली कुणाला देऊ नकोस.
शर्वरी